देशाचा रकाना

अंबादास अण्णा देशांची नावं घेत नाहीत. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायचं टाळत, तितक्याच कटाक्षाने ते टाळतात. टीव्हीवर क्रिकेट चालू असलं की "AU ची तिसरी गेली" म्हणतात. चहात साखर जास्त पडली तर "हा CU ला पाठवा" म्हणतात. CU म्हणजे क्युबा आणि तिथे ऊस फार होतो, हे आपलं आपण नंतर शोधून काढायचं. त्यांच्या शेजारच्या मुलीला परदेशातलं स्थळ सांगून आलं, तेव्हा अण्णांनी मोठ्या आपुलकीने विचारलं, "मुलगा NZ ला आहे का NL ला?"

"नाही ओ अण्णा," मुलीची आई म्हणाली, "हॉटेलात आहे."

त्याच मुलीच्या लग्नात पुढचा प्रसंग घडला. अक्षता पडायला थोडा वेळ होता. माइकवाले गृहस्थ वराची ओळख करून देताना म्हणाले, "चिरंजीव UK ला स्थायिक आहेत." अण्णा जागेवरून उठले, गर्दीतून वाट काढत मंचापाशी गेले आणि त्या गृहस्थांच्या कानाशी लागले. माइक चालूच होता. सगळ्या मांडवाने ऐकलं, "UK असा देश तक्त्यात नाही."

वधूकडची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मुलीचा मामा उठला आणि नवरदेवाला बाजूला घेऊन पासपोर्ट मागू लागला. अण्णा आपले माइकवाल्याला समजावतच होते, "GB म्हणा. देश आहे, पण GB आहे." त्या दिवशी अक्षता दहा मिनिटं उशिरा पडल्या. अण्णांना आजही त्यात आपली काही चूक वाटत नाही. "दोनच तर अक्षरं आहेत," ते म्हणतात. "बरोबर म्हणायला काय जातं?"

ही दोन अक्षरं काय असतात, ते थोडं सांगायला हवं. मलाही दीड वर्षापूर्वी माहीत नव्हतं. जगातल्या प्रत्येक देशाला दोन रोमन अक्षरं ठरवून दिलेली आहेत. भारत IN, जपान JP. माणसं देशाचं नाव हवं तसं लिहितात, पण संगणकाला तसं चालत नाही, म्हणून सगळ्या जगाने ही अक्षरं मान्य केली आहेत. विमानाने जाणारं पार्सल असो की बोटीने जाणारं खोकं, यंत्र आधी ही अक्षरं वाचतं. बरीचशी आपल्याला अंदाजाने ओळखता येतात. काही मुळीच येत नाहीत. जर्मनी म्हणजे DE, क्रोएशिया म्हणजे HR, कारण ते लोक आपल्या घरात आपल्या देशाला वेगळ्याच नावाने हाक मारतात. अण्णांचा या देशांवर विशेष जीव आहे. "मला घरी तेलुगूत अंबय्या म्हणत्यात, बाहेर अंबादास," ते म्हणतात. "DE चं तसंच आहे की. त्यात अवघड काय?"

असे एकंदर अडीचशेला एक कमी देश आणि प्रदेश त्या तक्त्यात आहेत. अण्णांना सगळे पाठ आहेत. कोणी फोनचा आकडा सांगू लागला तर मात्र ते कानावर हात ठेवतात. आमचा प्रोग्रॅमर रोहित एकदा म्हणाला, "भारताचा कंट्री कोड प्लस नाइन वन ना, अण्णा?"

"ते टेलिफोनवाल्यांचं, बाबा. आपला IN. तीन अक्षरी पाहिजे तर IND. आकडाच पाहिजे तर तीनशे छप्पन्न."

"तीनशे छप्पन्न लावून फोन लागतो का बघू?"

"फोन कशाला लावतोस? बोलायचं काय आहे तुला IN शी?"

हे सगळं चालतं ते अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीजवळ, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. टॉवेल आणि चादरी परदेशी पाठवणाऱ्यांना लागणारं सॉफ्टवेअर आमच्याकडे बनतं. मालाची बिलं, खोक्यांची यादी, खोक्यांवर चिकटवायची लेबलं असं सगळं त्यातून निघतं. मालक शैलेश, वय पस्तीस. रोहित कायम पुण्याला निघालेला असतो. आणि अण्णा. अण्णांचे वडील मागावर बसायचे. अण्णा इंग्रजी टायपिंग शिकले आणि एका टॉवेलच्या कारखान्यात कागदपत्रांच्या टेबलावर बसले. बावीस वर्षं त्यांनी साऱ्या जगाचे पत्ते टाइप केले. तो कारखाना बंद झाला, तेव्हा शैलेशने त्यांना इकडे आणलं, कारण निर्यातीच्या कागदांतलं त्यांच्याइतकं कळणारं माणूस त्याला मिळालं नव्हतं. अण्णांकडे पासपोर्ट नाही. मी एकदा विचारलं, तर ते गोंधळले. "मला कुठं जायचंय? टॉवेल जातात की."

मी इथे आले ती पती गेल्यानंतर. त्याआधी एकवीस वर्षं करमाळ्याला एका शाळेच्या ग्रंथालयात होते. घरात थांबवेना, म्हणून सोलापूरला भावाच्या शेजारी खोली घेतली आणि या कचेरीत सॉफ्टवेअरचं मराठी माहितीपुस्तक लिहायचं काम घेतलं. काम मनासारखं होतं. कोणी फारसं बोलत नसे, मलाही बोलायचं नव्हतं. पहिल्या दिवशी अण्णांनी विचारलं, "कुठनं आलात, अक्का?"

"करमाळ्याहून."

"कमलाभवानीचं करमाळं. चांगलं गाव," ते म्हणाले आणि जरा खट्टू झाले. "पण रकान्यात बसत नाही."

नव्या माणसाला आठवडाभर न्याहाळून त्याला एक देश द्यायचा, अशी त्यांची पद्धत आहे. शैलेश SG, कारण सिंगापूरसारखा सगळीकडे नियमांच्या पाट्या लावतो. रोहित PA, म्हणजे पनामा; नुसती ये-जा, मुक्कामाला कुणी नाही. आठव्या दिवशी त्यांनी माझ्या डब्यावर निळ्या शाईने BT लिहिलं. मी भूतानचा अर्थ विचारला.

"शांत देश आहे," अण्णा म्हणाले. "गर्दी नाही. आणि आत जायला परवानगी लागते."

त्या दिवसापासून मी डबा घासताना ती अक्षरं पुसली जाऊ नयेत म्हणून काळजी घेऊ लागले, एवढं मात्र खरं.

देशांचा तक्ता हे कचेरीतलं अण्णांचं संस्थान होतं. दर महिन्याला ते बसून त्यातली प्रत्येक ओळ वाचत. बोट पडद्यावर ठेवून, ओठ हलवत. त्यांचे नियम होते. देशाचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. अक्षरं लहान लिपीत लिहायची नाहीत, "देश आहे तो, चिल्लर नाही." आणि तक्त्यातून काहीही काढायचं नाही. यावरून शैलेशशी त्यांचं नेहमी वाजे. दक्षिणेकडे समुद्रात दोन बेटं आहेत, BV आणि HM. बर्फ आहे, पेंग्विन आहेत, माणूस एकही राहत नाही. शैलेशचं म्हणणं, ती यादीतून काढावीत.

"तिथं टॉवेल कोण घेणार आहे, अण्णा?"

"आज कोण नाही."

"उद्या तरी कोण घेणार? पेंग्विन?"

"अंग तर ओलंच असतं की त्यांचं."

बेटं राहिली. जे देश मोडले, तेही अण्णांनी ठेवले होते. युगोस्लाव्हिया, पूर्व जर्मनी, झाईर. नावापुढे फक्त 'अमुक सालापर्यंत' असं लिहिलेलं. नवा माल तिकडे पाठवता येत नसे, पण जुना कागद उघडला तर देश जागेवर सापडे.

चूक झाली ती माझ्या हातून.

सॉफ्टवेअर मराठीत करायचं म्हणून देशांची मराठी नावं लिहायचं काम शैलेशने मला दिलं. इंग्रजी नावांचा एक स्तंभ, अक्षरांचा एक स्तंभ, आणि त्यांच्या शेजारी माझा मराठीचा. इंग्रजी क्रमाने लिहिल्यामुळे माझी यादी विस्कटलेली दिसत होती. 'अ'मध्येच ऑस्ट्रेलिया घुसलेला, क्युबाच्या आसपास चीन आणि सायप्रस. एकवीस वर्षं पुस्तकं अकारविल्ह्याने लावलेल्या बाईला ते बघवेना. मी माझा स्तंभ निवडला आणि क्रम लावायचं बटण दाबलं. संगणकाने काहीतरी विचारलं. शेजारचे स्तंभही सोबत हलवायचे का, असं काहीसं. मी नको म्हटलं. दुसऱ्याच्या सामानाला हात कशाला लावा, असा माझा सरळ विचार.

यादी सुरेख दिसू लागली. 'अ'पासून 'ह'पर्यंत कसं अगदी कपाटात लावल्यासारखं. फक्त झालं असं की, नावं उठून नव्या जागी बसली आणि अक्षरं जुन्याच जागी राहिली. साऱ्या जगाने एका दमात घरं बदलली, पण दारावरच्या पाट्या कुणी हलवल्या नाहीत.

अण्णा दोन दिवस अक्कलकोटला गेले होते, स्वामींच्या दर्शनाला. रोहितला पुण्याची गाडी गाठायची होती, त्याने फाइल न बघता सॉफ्टवेअरमध्ये चढवून दिली. सोमवारी आमच्या एका गिऱ्हाइकाने तिच्यातली मराठी नावं निवडून लेबलं छापली.

लेबलांचा पहिला नमुना अण्णांच्या टेबलावर यायचा, असा रिवाज होता. सोमवारी अण्णा आले, चहा घेतला, नमुना उचलला आणि कप तसाच खाली ठेवला.

"अक्का," ते हळू म्हणाले, "DE च्या जागी CK कुठनं आलं?"

"CK म्हणजे?"

"कुक बेटं. पॅसिफिक समुद्रात. टॉवेल हॅम्बुर्गला चाललेत का नारळाखाली?"

मी फाइल उघडली. त्यांनी एकदाच वरपासून खालपर्यंत नजर टाकली. त्यांचा चेहरा कसा झाला ते सांगता येणार नाही. मोठ्या घरातली सगळी माणसं एकाच वेळी चुकीच्या गाड्यांत बसली आहेत, असं कळल्यासारखा. मग ते उठले. "चला. गाडीवर बसता येतं ना?"

त्यांच्या मोपेडवरून आम्ही त्या गिऱ्हाइकाच्या गोदामात गेलो. दहाबारा बायका खोक्यांवर लेबलं चिकटवत होत्या. खोक्यांची भिंत छताला टेकली होती.

"थांबा, थांबा!" अण्णा दारातूनच ओरडले. "समदा माल चुकीच्या देशात चाललाय!"

"हितंच तर हाय की माल," एक बाई म्हणाली. "कुटं चाललाय?"

"लेबल चुकलंय ओ. ही अक्षरं कुक बेटांची आहेत."

"ती कुटं आली?"

"लई लांब."

"मग जाऊ द्या की लांब. त्यांनी अंगं पुसू नयेत व्हय?"

सगळ्याजणी हसल्या. अण्णाही हसले, पण थांबले नाहीत. नवी लेबलं छापून येईपर्यंत ते एकेका खोक्यापुढे उभे राहून जुनं लेबल नखाने काढत होते. मी दुसऱ्या टोकाने काढायला लागले. मघाची ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमी नका करू, नखं मोडतील. आमची मोडलेलीच हायती." संध्याकाळी पाचपर्यंत सगळी खोकी नीट झाली आणि ट्रक वेळेवर निघाला.

दुसऱ्या दिवशी शैलेशने सगळ्यांना समोर बसवलं. तो चिडला होता आणि त्याचं चिडणं रास्त होतं. "हे झालं कसं?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "तक्ता माझा आहे. चूक माझ्या तक्त्यात झाली."

मी गप्प राहिले. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण राहिले. शैलेश म्हणाला, आता तयार यादीच घेऊ. बाहेर मिळते, आपोआप सुधारत राहते, कुणाला हात लावावा लागत नाही. मग देशांच्या तक्त्याचं वेगळं टेबलच नको. अण्णांनी मान डोलावली. ते टेबल गेलं की अण्णांना त्या कचेरीत दुसरं काम नव्हतं. हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं.

दोन दिवस मी स्वतःशी वाद घातला. तिसऱ्या दिवशी शैलेशच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की क्रम मी लावला होता.

त्याने मला बसायला सांगितलं. "मॅडम, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण चूक कुणाची, हा प्रश्नच नाही. हाताने सांभाळलेल्या यादीत हे आज ना उद्या होणारच." मग जरा मऊ आवाजात म्हणाला, "असं करा. अण्णांचा तक्ता आणि बाहेरची यादी, दोन्ही ओळीला ओळ लावून बघा. तयार यादीत नाही असं कामाचं काही अण्णांच्या तक्त्यात निघालं, तर बोलू. नाही निघालं, तर एक तारखेपासून अण्णांनी घरी आराम करावा. मलाही हे सोपं नाही."

आठ दिवस होते. अण्णांना मी काय करते आहे ते ठाऊक होतं. ते काही विचारत नसत. रोज दुपारी कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाचटणी माझ्या डब्याच्या झाकणात ठेवत आणि आपल्या जागी जाऊन बसत. बोलताना मात्र एक फरक पडला होता. एकदा ते चुकून "जपान" म्हणाले. सगळी कचेरी वळून बघायला लागली.

अडीचशेला एक कमी ओळी अक्षराला अक्षर जुळल्या. माझ्या फाइलीआधीच्या अण्णांच्या तक्त्यात एकही चूक नव्हती. मोडलेले देश तयार यादीत नव्हते, ते मी लिहून घेतलं. आणि एक ओळ उरली. तयार यादी ती ओळखायलाच तयार नव्हती. रोहितने पडद्यावर लाल रंगात उमटलेली ती ओळ वाचली.

"XN. हा कुठला देश, बे? कधी ऐकला नाही."

देशाच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, 'नरसम्मा'. या देशातल्या एकूण व्यक्ती, एक.

"अण्णांनी स्वतःचा देशच काढला की!" रोहित हसला. मी त्याला म्हटलं, मी बघते.

ती एक व्यक्ती गिऱ्हाइकांच्या यादीत नव्हती, आमच्याच कर्मचाऱ्यांच्या नोंदीत होती. तिथे प्रत्येकाच्या नावाखाली घरच्या माणसांची नावं असतात, आणि पुढे ती सध्या कुठल्या देशात राहतात तो रकाना. अण्णांच्या बायकोबद्दल मला इतकंच माहीत होतं की त्या आता नाहीत.

दुपारी कचेरीत आम्ही दोघंच होतो. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. काही विचारलं नाही.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"चार वर्षं झाली," ते म्हणाले. "शैलेश म्हणाला, अण्णा, घरची नोंद बदलून घ्या. उघडलं. त्या पडद्यावर माणूस काढून टाकायचं बटण आहे, अक्का. माणूस गेलं असं लिहायची सोय नाही. काढून तर टाकायचं नव्हतं मला. मग IN ठेवायचं? ते खोटं झालं की. इथं कुठं आहे ती? आणि रिकामं कसं ठेवू? रकाना रिकामा ठेवायचा नाही, हे समद्यांना मीच सांगत आलोय."

"मग?"

"मग सारा नियम वाचून काढला. इंग्रजीत आहे, लई बारीक अक्षर. त्यात एक कलम सापडलं. XA पासून XZ पर्यंतची अक्षरं मोकळी ठेवलीत. ज्याला आपल्या कामापुरती लागतील त्यानं वापरावी." ते माझ्याकडे जरा पुढे झुकले. "बाकीच्यांचा भरवसा नसतो, अक्का. CS चं काय झालं? चेकोस्लोव्हाकियाची अक्षरं. तो देश मोडल्यावर तीच अक्षरं दहा वर्षांत दुसऱ्याला देऊन टाकली. पण ही X ची कधीच कुठल्या देशाला देणार नाहीत. लिहून दिलंय त्यांनी. तिच्या जागेवर कोण येऊन बसणार नाही."

मी म्हटलं, "त्यांना माहीत होते हे कोड?"

"तिला?" अण्णांचा चेहरा एकदम उजळला. "शाळेत गेली नव्हती ती. मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि मी समोर बसून पाठ म्हणायचो. मी अडलो की ती सांगायची. DZ कोण? अल्जिरिया. मला आधी यायचं नाही ते. एकदा मला म्हणाली, एवढे देश तोंडात आहेत तुमच्या, एखादा दाखवा की. म्हटलं दाखवू. राहून गेलं. मग म्हटलं, नावावर एक करून तरी देऊ."

मी कागद उचलला. मला त्यांच्याकडे बघता येईना, म्हणून तारखा तपासल्यासारखं केलं.

अहवाल मी चार वेळा लिहिला. अखेर तो एका पानात मावला. मोडलेल्या देशांच्या ओळी जुन्या कागदांसाठी लागतात, त्या बाहेरच्या यादीत मिळत नाहीत. बाहेरची यादी जरूर घ्यावी; पण यादी बरोबर असून काम चुकू शकतं, जसं माझ्या हातून चुकलं. जर्मनीखाली CK दिसल्यावर चहाचा कप खाली ठेवणारं माणूस त्या यादीसोबत मिळत नाही. ते आपल्याकडे आहे. शेवटची ओळ अशी होती, 'XN: वापरणाऱ्याच्या स्वतःच्या कामासाठी. नियमात बसते. ठेवावी.'

शैलेशने पान वाचलं. शेवटच्या ओळीपाशी थांबून पडद्यावर ती नोंद उघडून बघितली. कचेरी नवी होती तेव्हा नरसम्मांनी किती वेळा त्याला जेवू घातलं होतं, ते मला नंतर कळलं.

"अण्णांना सांगा," तो म्हणाला, "तयार यादी येईल. पण तिच्यातला एकही बदल अण्णांनी बघितल्याशिवाय चढणार नाही. आणि रोहितला आठवड्यातून दोन तास त्यांच्यासमोर बसवा. नुसता पुण्याला पळतो." जाता जाता त्याने आणखी एक सांगितलं. घरच्या माणसांच्या पडद्यावर गेलेल्या माणसासाठी एक वेगळा रकाना करून घ्यायचा. तो कसा असावा, हे अण्णांनी आणि मी मिळून ठरवायचं.

मी बाहेर येऊन अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, दोनदा. मग रोहितला हाक मारली आणि म्हणाले, "ए PA, ये हिकडं. तक्त्यातले पहिले दहा देश पाठ करून आलास तर पुण्याला सोडतो." रोहितने कपाळावर हात मारला. कचेरी पुन्हा पहिल्यासारखी झाली.

त्या दिवशी दुपारी आम्ही नव्या रकान्याचं काम घेऊन बसलो. पडदा समोर होता. आधी अण्णांची नोंद उघडली, मग माझी. माझ्या नावाखाली घरच्या माणसांची जागा कोरी होती. नोकरीला लागताना मी ती भरली नव्हती. दर महिन्याला प्रत्येक ओळ वाचणाऱ्या अण्णांनी दीड वर्षात एकदाही मला ती भरायला सांगितलं नव्हतं.

आताही त्यांनी भरा म्हटलं नाही. खुर्ची थोडी माझ्याकडे वळवली.

"अक्का, साहेबांचं नाव काय होतं?"

"माधव," मी म्हणाले. बऱ्याच महिन्यांत मी ते मोठ्याने उच्चारलं नव्हतं. वाटलं होतं तितकं कठीण गेलं नाही.

अण्णांनी तक्ता उघडला, अगदी खाली गेले आणि XN च्या वरच्या मोकळ्या ओळीवर बोट ठेवलं.

"XM मोकळी आहे," ते म्हणाले. "घाई नाही. कुणाला देत नाहीत ती." मग जरा विचार करून म्हणाले, "आणि शेजारी नरसम्मा आहे. तेलुगूच बोलते, पण मराठी चांगलं येतं तिला. त्यांना एकटं वाटणार नाही."